आधी गोष्ट पूर्ण वाचू द्या : इंग्रजीचं नवं पुस्तक करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सदस्य, इंग्रजी भाषा विषय समिती,
बालभारती, पुणे

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीच्या मुलांना भाषा शिकवते. पदवीधर शिक्षक (भाषा) म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहेच. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही विषय एकाच माणसाच्या गळ्यात. पहिल्या तासाला मी मराठीची बाई असते आणि चौथ्या तासाला त्याच पोरांपुढे इंग्रजीची बाई म्हणून उभी राहते. या व्यवस्थेबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, त्या पुन्हा कधीतरी. पण या व्यवस्थेमुळे एक गोष्ट मला रोज दिसते. शहरात प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक असतो, तिथे ती कदाचित कुणालाच दिसत नसेल.

बालकवींची 'फुलराणी' वाचताना त्या लग्नातला नवरदेव कोण, हे सातवीच्या मुलांना मला सांगावं लागत नाही. वऱ्हाडी कोण, वाजंत्री कुठली, यावर त्यांची आपापसात हमरीतुमरी होते. एक म्हणतो हे कवीनं पहाटे उठून पाहिलंय, दुसरी म्हणते छे, घरात बसून लिहिलंय. मग चौथा तास होतो. तीच मुलं, तीच बाकं. इंग्रजीचं एक वाक्य वाचून होतं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. मी मराठी अर्थ सांगितला की तो पेन्सिलीने ओळीच्या डोक्यावर लिहायचा आणि पुढच्या वाक्याची वाट बघायची. सकाळी कवीशी भांडणारी मुलगी दुपारी लेखनिक झालेली असते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिलीची पुस्तकं २०२५-२६ मध्ये बदलली. सहावी, सातवी, आठवीची आत्ताची इंग्रजीची पुस्तकं अनुक्रमे २०१६, २०१७ आणि २०१८ साली आली. त्यांचीही पाळी आता येणार. पुस्तक छापून झाल्यावर पत्र लिहिण्यात अर्थ नसतो, म्हणून हे आत्ता लिहिते आहे.

मागणी एकच आहे. या तीन इयत्तांमध्ये इंग्रजीच्या तासाला मुलांना साहित्य वाचायला शिकू द्या, आणि वाचलेल्याचा विचार त्यांना मराठीत करू द्या. आमच्या वर्गात याला आम्ही 'उत्तर मराठीत, पुरावा इंग्रजीत' असं म्हणतो. पुस्तक, स्वाध्याय आणि चाचणी, तिन्ही ठिकाणी या पद्धतीला जागा हवी आहे.

धडा 'घेणं' म्हणजे आमच्याकडे प्रत्यक्षात काय होतं, ते आधी सांगते. चार पानांचा पाठ असतो. शिक्षक एक परिच्छेद वाचतो, वाक्यावाक्याचं मराठी करतो, शब्दार्थ फळ्यावर लिहितो, मुलं ते उतरवतात. दुसऱ्या दिवशी पुढचा परिच्छेद. मध्येच कधी पोषण आहाराचा हिशोब, कधी ऑनलाइन माहिती भरणं, कधी मतदार यादीचं काम. पाठ संपायला दीड-दोन आठवडे जातात. मग प्रश्नोत्तरं फळ्यावर येतात, वह्या तपासल्या जातात, पाठ 'झाला' अशी नोंद होते. या सगळ्यात एकाही मुलाने ती गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात वाचलेली किंवा ऐकलेली नसते. शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोचेस्तोवर पहिल्यात काय झालं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. जी गोष्ट कुणी ऐकलीच नाही, तिच्यावर 'तुला काय वाटलं?' हा प्रश्न विचारला, तर उत्तर गाईडमधूनच येणार. त्यात मुलांचा काय दोष?

यावर पहिला आक्षेप मला पाठ आहे, कारण आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत तो दर वेळी येतो. 'मॅडम, पोरांना साधं वाक्य वाचता येत नाही, तुम्ही साहित्य कुठं काढलं?' आक्षेपात तथ्य आहे. मुलांना काय वाचता येतं हे गावोगाव तपासणाऱ्या 'असर' पाहणीच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातील आठवीच्या मुलांपैकी ४६.७ टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. २०१६ मध्ये हा आकडा ४५.३ होता. म्हणजे सहा वर्षांत आपण जिथे होतो तिथेच आहोत. २०२३ मध्ये 'असर'ने १४ ते १८ वयाच्या मुलांना तपासलं. त्यात ५७.३ टक्के मुलांना वाक्यं वाचता आली, पण वाचणाऱ्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला वाचलेल्या वाक्याचा अर्थ सांगता आला नाही. महाराष्ट्रात तर २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला. त्याआधी आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवायला सुरुवात केली होती. म्हणजे आज सहावीत आलेलं मूल पाच वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं.

आता या मुलाचं करायचं काय? 'आधी वाचन पक्कं, मग गोष्ट' म्हणणारे त्याला पुन्हा अक्षरांकडे, तीन अक्षरी शब्दांकडे नेतात. तेरा वर्षांच्या, मिसरूड फुटू लागलेल्या पोराला मांजर आणि चटईचं वाक्य वाचायला दिलं की तो मान खाली घालतो. त्याच्या वयाला शोभेल असं काही त्याच्यापुढे आलं, तर निदान मान वर तरी होते. ते गोष्टीतून येतं. वाचन कच्चं असणाऱ्या मुलाला गोष्टीची गरज उलट जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

ऑस्कर वाइल्डची स्वार्थी राक्षसाची गोष्ट, 'द सेल्फिश जायंट', मी सातवी-आठवीला वाचून दाखवते. १८८८ साली छापलेली आहे आणि हक्कमुक्त आहे. सावकाश वाचली तरी एका तासात पूर्ण होते. सुरुवातीला दोन-तीन वाक्यं मराठीत सांगते: राक्षस सात वर्षं मित्राकडे पाहुणा गेला होता, मागे गावची मुलं त्याच्या बागेत खेळायला जायची. बागेभोवतीची भिंत, बर्फ, वारा असे पाच-सात शब्द फळ्यावर लिहिते. मग पुस्तक हातात घेऊन मध्ये कुठेही न थांबता, हातवारे करत, आवाज बदलत सगळी गोष्ट इंग्रजीत वाचते. मुलांना निम्मी कळते. कळली नाही ती निम्मी पुढच्या दोन तासांत त्यांना स्वतःलाच हवी असते.

दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न, तोही मराठीत. राक्षस बदलला तो मुलांसाठी, की आपल्या बागेत वसंत परत यावा म्हणून?

अट एवढीच की बोलायचं मराठीत, पण पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवल्याशिवाय बोलणं धरलं जाणार नाही. एक गट म्हणतो, तो मतलबीच होता, भिंत पाडायचं ठरवण्याआधी स्वतःच म्हणतो की वसंत इथे का येत नव्हता ते आता मला कळलं. ओळ सापडते, बोट पडतं. दुसरा गट चवताळतो. त्याआधीचं वाक्य बघा, म्हणतो, कोपऱ्यातलं ते लहान पोर फांदीपर्यंत पोचत नाही म्हणून रडतंय, ते पाहून राक्षसाचं काळीज विरघळलं, असं लिहिलंय, आणि वसंताचं बोलणं त्याच्यानंतर येतं. मग आधी काय आणि नंतर काय यावर वाद होतो. पुस्तकं पुढेमागे उलटली जातात. एक मुलगी म्हणाली, "बाई, दोन्ही खरंय. आधी जीव तुटला, मग हिशोब कळला." हे वाक्य मराठीत आलं म्हणून त्याला इंग्रजीच्या विषयात शून्य गुण द्यायचे का? आजच्या साच्यात शून्यच मिळतात.

वाक्य वाचता न येणारा जो मुलगा, त्याचं काय होतं ते मुद्दाम सांगते. त्याच्या गटाने त्याला काम दिलं होतं: 'वॉल' हा शब्द कुठे कुठे आलाय ते शोध. तीन पानं त्याने बोटाने चाळली. सुरुवातीला डब्ल्यूने सुरू होणाऱ्या प्रत्येक शब्दावर थांबत होता, हळूहळू शब्दाचा शेवट बघायला शिकला. भिंत बांधली कुठे, तिला भोक पडलं कुठे, पाडली कुठे, हे त्यालाच सगळ्यात आधी सापडलं. मोठ्या अक्षराने लिहिलेले गार, वारा आणि बर्फ हे या गोष्टीतले पाहुणे आहेत, हेही त्यानेच दाखवलं. गारा राजवाड्याच्या छपरावर नाचून कौलं फोडतात, तो भाग आमच्याकडे समजावून सांगावा लागत नाही. २०१४ च्या गारपिटीत मराठवाड्यातल्या किती घरांचे पत्रे गेले ते या मुलांनी आईबापांकडून ऐकलेलं आहे. बर्फ कुणी पाहिलेला नाही, पण गार सगळ्यांच्या ओळखीची. थोडक्यात, अक्षरओळखीच्या तासाला जे मूल हलत नव्हतं त्याने भांडण जिंकायसाठी तीन पानं वाचून काढली.

कुणी म्हणेल, ही तर वाक्यावाक्याच्या भाषांतराची जुनीच पद्धत झाली. तसं नाही. तिथे इंग्रजीचं मराठी शिक्षक करतो आणि मूल उतरवून घेतं. इथे विचार मुलाचा असतो, आणि तो सिद्ध करायला त्याला इंग्रजी मजकुरात परत जावंच लागतं. एका प्रश्नासाठी मुलं तीच पानं चार-पाच वेळा वाचतात. कुठल्याही स्वाध्यायाने आजवर माझ्या वर्गाकडून हे करवून घेतलेलं नाही.

प्रशिक्षणात आम्हाला सांगतात की इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको. सांगणारे तज्ज्ञ असतात, त्यांचा हेतूही चांगला असतो. पण मराठी बंद केली की मुलं इंग्रजी बोलायला लागत नाहीत, ती बोलायचीच बंद होतात. मग शिक्षक इंग्रजीत विचारतो आणि स्वतःच इंग्रजीत उत्तर देतो. पाहुणे अधिकारी मागे बसलेले असले की हे विशेष सुरेख होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षकांनी द्विभाषिक पद्धत आणि द्विभाषिक साहित्य वापरावं असं म्हटलेलं आहे. मग ते आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात का दिसू नये?

मुलं आयुष्यभर मराठीतच उत्तरं देत राहतील, असं मला म्हणायचं नाही. सहावीत पूर्ण उत्तर मराठीत चालेल, पुरावा म्हणून इंग्रजी ओळ दाखवली की झालं. सातवीत ती ओळ वहीत उतरवून तिच्याखाली एखादं स्वतःचं इंग्रजी वाक्य यावं, मोडकंतोडकं का असेना. आठवीच्या दुसऱ्या सत्रापर्यंत चार-पाच वाक्यांचं मत इंग्रजीत लिहिता यायला हवं. ते येतं, कारण तोवर सांगायला मुलाकडे काहीतरी असतं. आज आपण त्यांना वाक्यरचना शिकवतो, पण त्या वाक्यात घालायचं काय, हे विचारायला विसरतो.

कवितेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथली अवस्था सगळ्यात वाईट आहे.

दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतो. कवितेचं नाव, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असा साचा ठरलेला. या साच्याची सावली आता आठवीपर्यंत आली आहे. शिकवणीवाले प्रत्येक कवितेचा तयार परिच्छेद देतात, मुलं तो पाठ करतात, आणि परीक्षकालाही तोच वाचायची सवय झालेली असते. रस कुणी चाखलेलाच नसतो, ग्रहण मात्र लागतं. (एवढा विनोद माफ करावा.)

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची आगगाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या जगावरची कविता, 'फ्रॉम अ रेल्वे कॅरेज', मी आठवीला घेतली. १८८५ च्या त्याच्या बालकवितांच्या संग्रहातली आहे. दर दोन ओळींना यमक. शिकवणीला जाणाऱ्या एका हुशार मुलाने न वाचताच यमकं काढायला घेतली आणि एका जोडीपाशी अडला. एका ओळीचा शेवट 'आय' म्हणजे डोळा, पुढच्या ओळीचा शेवट 'बाय'. त्याचं म्हणणं, यमक जुळत नाही, इथे कवी चुकला. त्याने अक्षरं जुळवून पाहिली होती. एकाच्या शेवटी ई, दुसऱ्याच्या शेवटी वाय. यमक कानाने ओळखायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण इंग्रजी कविता त्याने कधी ऐकलीच नव्हती. मराठीत हाच मुलगा यमक चुकलं की हसतो.

म्हणून आम्ही पुस्तकं मिटली आणि कविता बाकावर वाजवली. स्टीव्हन्सनच्या पहिल्या ओळी गाडीच्या चाकांसारख्या पडतात. मुलांना ते दुसऱ्या वाचनात कळलं, कारण गदिमांची मामाच्या गावाला जाणारी आगीनगाडी त्यांच्या कानात लहानपणापासून बसलेली आहे. दोन्ही गाड्या एकापाठोपाठ एक म्हटल्या. कुठली जोरात पळते यावर पैजा लागल्या. स्टीव्हन्सनची जिंकली. का जिंकली हे शोधताना 'अँड' आणि 'हिअर इज' किती वेळा आलंय ते मुलांनी स्वतः मोजलं, आणि एकामागून एक चित्र दाखवून कवीने वेग कसा आणला यावर बोलणं आलं. अलंकाराचं नाव शेवटी सांगितलं, तेही एकाने विचारलं म्हणून.

बीडला रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. त्यामुळे आगगाडीत बसलेली मुलं वर्गात मोजकीच. पण एकजण म्हणाला, "ट्रकवर मागं तोंड करून बसलं की असंच दिसतंय, सगळं पळतंय." त्याला ऊसतोडीला जाणारा ट्रक म्हणायचा होता. कवितेत एक मूल एकटंच काटेरी झुडपातली फळं वेचत असतं आणि गाडी पुढे निघून जाते. आमच्या पोरांनी त्याची लगेच बोरं केली. मग प्रश्न निघाला: गाडीतल्यांनी त्याला पाहिलं, पण त्याने गाडीतल्यांना पाहिलं का? कवितेत त्याचं उत्तर नाही. नाही हे सिद्ध करण्यासाठीसुद्धा वर्गाने ते कडवं पुन्हा वाचलं. कविता कुणाच्या डोळ्यांनी सांगितली आहे हे मोठमोठ्या साहित्यशास्त्रात शिकवतात. आठवीच्या पोरांना ते कळायला ट्रकचा अनुभव पुरला.

आता पुस्तकाकडे येते. सध्याच्या पुस्तकांत चांगलं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. खेळ आहेत, संवाद आहेत, याद्या करायला सांगणारे उपक्रम आहेत आणि ते मुलांना आवडतात. अडचण गद्य पाठांची आहे. गोष्ट इतकी छाटलेली असते की तिच्यात पुरावा शोधायला काही उरत नाही. राक्षस आधी वाईट होता, मग चांगला झाला, एवढं दोन वाक्यांत सांगून टाकलं तर भांडायचं कशावर? कठीण शब्द काढा, लांब वाक्यं मोडा, पण माणूस कसा बदलला ते दाखवणारी जागा काढू नका. पाठांची संख्या कमी केली तर आमची तक्रार नाही. वर्षाला दोन लांब, पूर्ण गोष्टी द्या. त्या एका दमात वाचता याव्यात म्हणून मध्ये चौकटी, उपक्रम, चित्रातले प्रश्न घालू नका. ते सगळं शेवटी घ्या. आणि कृपा करून शेवटी तात्पर्य छापू नका. तात्पर्य छापलेलं दिसलं की वर्गातला वाद तिथेच मरतो.

प्रत्येक इयत्तेत एक तरी उतारा असा असावा की जो मुलांनी आधी मराठीत वाचलेला आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे. त्यातली एखादी रात्र सहावीला ठेवा. गोष्ट माहीत असली की मूल शब्दांशी झगडत बसत नाही. आईचं बोलणं इंग्रजीत तसंच वाटतं का, एवढा एक प्रश्न आठवडाभर पुरेल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत, वाचनाच्या पातळ्या लावून, मुक्त परवान्याने मिळते. शाळेच्या प्रिंटरची शाई टिकली तर आम्ही ती छापून वर्गाच्या दोरीवर टांगतो. आपण त्यातल्या वीस-पंचवीस निवडून पूरक वाचनाची पुस्तिका काढली तर शाईचा प्रश्न सुटेल.

क्यूआर कोडबद्दल थोडंसं. आमच्या गावात तो उघडतो तेव्हा पाऊस नसतो आणि वीज असते. व्हिडिओ नको, आवाज द्या. पूर्ण कथा आणि कविता स्वच्छ, सावकाश, आपल्याकडच्या उच्चारात वाचलेल्या, एकदाच उतरवून मोबाइलमध्ये ठेवता येतील अशा. ज्या शिक्षकाला स्वतःच्या उच्चारांचा धीर नाही तोही मग गोष्ट पूर्ण ऐकवेल.

चाचणीत बदल झाला नाही तर मात्र हे सगळं कागदावरच राहील. तिसरी ते आठवीच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांत इंग्रजीचा पेपर आहे, गुण आम्ही शिक्षण विभागाच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरतो. तिथे जे मोजलं जातं तेच वर्गात शिकवलं जातं, याला माझी शाळाही अपवाद नाही. सहावी ते आठवीच्या पेपरात एक न शिकवलेली छोटी गोष्ट द्या आणि एकच खुला प्रश्न विचारा. मत मराठीत चालेल, पण ज्या ओळीवरून मत बनलं ती इंग्रजीत लिहायची, अशी सूचना छापा. मताला गुण नकोत, ओळ आणि मत यांचा मेळ बसतो का याला गुण द्या. तपासायला थोडा वेळ जास्त लागेल. गाईडवाल्यांना त्याचं उत्तर आधी छापता येणार नाही, हा वरचा नफा.

पालकांचं म्हणाल तर ते मला दोनच गोष्टी विचारतात: 'सेमी आहे का?' आणि 'पोरगं बोलायला कधी लागेल?' मी त्यांना मुलाने शोधलेली ओळ दाखवते. सेमीत विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक वाचणाऱ्या मुलालाही, वाक्यात लेखक काय म्हणतोय ते शोधून काढायची सवय कुठेतरी लागायला हवी. विज्ञानाच्या तासाला ती लावायला वेळ नसतो.

२०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा कुठली यावर राज्यभर रान पेटलं, शासन निर्णय निघाले आणि २९ जूनला रद्द झाले. भाषा कितवीपासून शिकवायची यावर आपण रस्त्यावर उतरतो. तीच भाषा सातवीत पोचल्यावर वर्गात तिचं काय होतं, यावर एक बैठकसुद्धा होत नाही. ती बैठक आपण बोलवावी.

शेवटची गोष्ट आमच्या भागापुरती आहे, पण ती लक्षात घेतली तर पुस्तक सगळीकडेच बरं होईल. दसरा-दिवाळीनंतर आमच्या वर्गातली बरीच मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. काही हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहतात, बाकीची परततात ती परीक्षेच्या तोंडावर. पुस्तकातला प्रत्येक घटक आधीच्या घटकावर उभा असला तर परत आलेल्या मुलाला कुठूनच आत शिरता येत नाही. दुसऱ्या सत्रातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्र असावी, स्वतःच्या शब्दांसकट. मार्चमध्ये परतलेलं मूल तिथूनच सुरुवात करू शकेल.

नव्या पुस्तकांचे कच्चे मसुदे तयार झाले की ते आमच्यासारख्या दहा-वीस वर्गांत वाचून बघा, ही विनंती. समितीतल्या कुणीतरी स्वतः येऊन मागच्या बाकावर बसावं, शिकवू आम्हीच. आमच्याकडे यायचं तर जूनच्या शेवटापासून दसऱ्यापर्यंत या. त्यानंतर आलात तर पट हजेरीवर दिसेल, बाकांवर दिसणार नाही. एसटी स्टँडवरून शाळेपर्यंत वडाप मिळतं, नाहीतर कळवा, कुणीतरी मोटारसायकल घेऊन येईल.

आपली,
एक भाषा पदवीधर शिक्षिका
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा, बीड जिल्हा